दोन वाजेपर्यंत पाणी नाही

नोएला हाशेने सत्तावीस वर्षांत गावातल्या तीनशेहून जास्त मुलांचे डायपर सोडवले. बंदरावर आज जो माणूस खेकड्याच्या बोटींना जागा वाटून देतो आणि भल्याभल्या कप्तानांवर डाफरतो, तो दोन वर्षांचा असताना स्वतःच्या लोकरीच्या टोपीत सूसू करायचा, हे नोएलाला माहीत आहे. तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. म्हणून तिचा नवरा रेआल ज्या बोटीवर काम करतो ती बोट धक्क्याच्या आडोशाच्या बाजूलाच लागते. गावात यावर कोणी काही बोलत नाही, कारण निम्म्या गावाची अशी एकेक गोष्ट नोएलाकडे जमा आहे.

पाळणाघर चर्चच्या मागे, जिथे पूर्वी नन्सची शाळा होती तिथे. एप्रिलमध्ये खाडीतला बर्फ फुटला आणि बोटी निघाल्या की मासळीच्या कारखान्याचा भोंगा वाटेल तेव्हा वाजतो, आणि आईबाप झोपलेल्या पोरांना पांघरुणासकट आणून सोडतात. म्हणून हंगामात दार पहाटे साडेपाचला उघडतं. दार उघडायला नोएला. ती स्वतः आधी त्याच कारखान्यात हेरिंग मासे साफ करत होती. पाण्याच्या गारठ्याने बोटं वाकडी व्हायला लागली तेव्हा 'एका हिवाळ्यापुरती' म्हणून पाळणाघरात आली आणि दोन वर्षांच्या मुलांच्या खोलीत जी शिरली ती शिरलीच. पोरं तिला तांतीन म्हणतात, म्हणजे मावशी. मोठी होऊन दाढीमिशा फुटलेलीही तांतीनच म्हणतात.

त्या खोलीत दहा मुलं आणि दोन बायका. नियम असा की पाच मुलांमागे एक मोठं माणूस, आणि तेही डोळ्यांसमोर. दोघींपैकी एकीला बाहेर जायचं तर आधी तिसरी आत आली पाहिजे. नियम उत्तम आहे. करणाऱ्यांनी पोरांचा पुरेपूर विचार केला होता. बायकांनाही सूसू लागते हे मात्र त्या दिवशी बैठकीत कोणाला आठवलं नसावं. तिसरी बाई कागदावर असायची. प्रत्यक्षात ती तान्ह्यांच्या खोलीत अडकलेली, नाहीतर आजारी, नाहीतर हंगाम सुरू झाल्याबरोबर कारखान्यात पळालेली.

यावर नोएलाने पहिल्याच वर्षी तोडगा काढला. पहाटे घरी काकवी लावलेला पाव, कॉफीचे दोन घोट, निघण्याआधी एकदा जाऊन यायचं, आणि मग दुपारी दोनला सुटून घरी पोचेपर्यंत ओठाला थेंब लावायचा नाही. तिला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. बाकीच्या बायका या पायावरून त्या पायावर नाचत, दाराकडे बघत, घड्याळाला शिव्या घालत. नोएला आपली शांत. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी ती तिला दोनच गोष्टी सांगायची: मूल उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यातून वाकायचं, आणि दोन वाजेपर्यंत पाणी नाही.

आणि हीच बाई दिवसातून वीस वेळा पोरांसमोर उकिडवी बसून सांगायची, "आली की सांगायची हं. दाबून ठेवायची नाही. पोटात दुखतं."

हिवाळ्यात तर या कामाची परीक्षाच. पंधरा मिनिटं बर्फात खेळायला न्यायचं म्हणून दहा पोरांना जाड विजारी, कोट, बूट, टोप्या, हातमोजे चढवायला अर्धा तास. दहाव्याची शेवटची चेन ओढली की पहिलं हळूच म्हणणार, "तांतीन, सूसू." मग त्याचं सगळं उतरवा. ते बघून आणखी तिघांना आठवणार. नोएला यावर कधी चिडली नाही. "सांगितलंस ना, शहाणं माझं बाळ," म्हणून त्याचा पापा घ्यायची आणि पुन्हा बुटाच्या नाड्या सोडायला लागायची. पोरं तिच्यावर जीव टाकायची ती यासाठी. मायेच्या बाबतीत ती कधी घाईत नसे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तिची पाठ दुखायला लागली. डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली.

"पाठ दुखतेय का गं मावशी?" खोलीतल्या दुसऱ्या बाईने, मिरेयने, विचारलं. मिरेय सव्वीस वर्षांची, हसरी, तीन वर्षांपूर्वी नोएलाच्याच हाताखाली तयार झालेली.

"पाठच. दुसरं काय असणार? काल माएल दिवसभर कडेवर होती. नुसता दगड आहे ती पोरगी."

या बायकांचं एक ठरलेलं असतं. पाठ दुखली तर पोरं उचलून दुखली. ताप आला तर पोरांनी आणला. दमल्यासारखं वाटलं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? तेव्हा सगळ्यांनी मिळून नोएलाच्या पाठीवर उपचार केले. मिरेयने गरम पाण्याची पिशवी दिली. रेआलने बोटीवरचं मलम चोळलं, ज्याच्या वासाने मांजर दोन दिवस घरात आलं नाही. थंडी वाजून ताप भरला तेव्हा नोएला म्हणाली, पोरांत त्या लुडोविकलाही आहे, सध्या सगळ्यांनाच आहे. अकरा दिवस असे काढले. दुखत होतं मूत्रपिंड, आणि मलम लागत होतं पाठीला.

बाराव्या दिवशी ती माएलला बूट घालायला गुडघ्यांवर बसली आणि उठेना. हळूच आडवी झाली, तिथेच, फरशीवर, बर्फाच्या बुटांच्या ओळीत. पोरांना वाटलं नवा खेळ. एकेक करून दहाही जण जाड कोटांसकट तिच्या शेजारी आडवे झाले. माएलने तिच्या दंडावर डोकं ठेवलं. नोएलाचे दात वाजत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तशातही ती बोट हलवत मोजत होती. दहा भरले तेव्हा डोळे मिटले. मिरेयने भिंतीवरचं बटण दाबलं, संचालिका लिझेट धावत आली, अँब्युलन्स आली. आणि लिझेट खोलीत नीट बसली, दोन बायका पुऱ्या झाल्या, हे बघितल्यावरच नोएलाने अँब्युलन्सच्या माणसांना स्वतःला उचलू दिलं.

इस्पितळात डॉक्टर न्गोनो नावाची उंच, संथ बोलणारी बाई होती. कॅमेरूनहून येऊन तिला इथे सहा हिवाळे झाले होते.

"दिवसातून किती वेळा लघवीला जाता?" तिने विचारलं.

"सकाळी घरी. मग दुपारी घरी."

"आणि मधे?"

"मधे मुलं असतात."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली. "किती वर्षं?"

नोएलाने सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात अजूनही थोडी ऐट होती, हे रेआलने ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते. उजवं वाचलं, डाव्याला कायमची इजा झाली. डॉक्टरने काही मऊ करून सांगितलं नाही. "दिवसाला आठ ग्लास पाणी. दर दोन तासांनी जायचं, लागलेली असो नसो. तिथे राहून हे जमत असेल तर तिथे राहा. जमत नसेल तर ते काम सोडा. पुन्हा असं झालं तर डावं जाईल, आणि मग उजव्याच्या भरवशावर किती दिवस, ते मी सांगू शकणार नाही."

काम सोडा! म्हणायला काय जातं? नोएलाची स्वतःची दोन्ही मुलं पश्चिमेला तेलाच्या कामावर, नाताळला आली तर आली. रेआल हंगामभर समुद्रावर. पहाटे पाचला उठून त्या दहा जणांकडे जायचं नसेल तर उठायचं कोणासाठी, हे तिला समजत नव्हतं. तिला ती खोली हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

पाच आठवड्यांनी ती परत आली. रेआलने एक मोठी पारदर्शक बाटली आणून तिच्यावर बोटीच्या निळ्या रंगाने रेघा मारून दिल्या होत्या: आठ, दहा, बारा, दोन. लिझेटने दारातच मिठी मारली. "लागलं तर सांग हं, कोणीतरी येईल," म्हणाली, आणि फोन वाजला म्हणून आत पळाली. हंगाम तोंडावर होता.

पहिल्या दिवशी नोएला आठच्या रेघेपर्यंत पाणी प्यायली. नऊलाच लागली. दार उघडून हाक मारायची, एवढंच करायचं होतं. पण बाहेर कॉरिडॉरमध्ये आईबाप उभे, त्यातले अर्धे तिनेच वाढवलेले. त्यांच्यादेखत, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने, मला जायचंय म्हणून ओरडायचं? तिच्याने होईना. तिने दाबून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती रंगाचे ब्रश धुताना बाटलीही बेसिनमध्ये ओतायला लागली, रेघेरेघेने, वेळ बघून. रेआलची बोट अजून निघायची होती; संध्याकाळी तो रिकामी बाटली उजेडात धरून म्हणायचा, "शाब्बास गं माझी बाई!" आणि तिच्यासाठी कोंबडीचा फ्रिको, म्हणजे बटाटे घातलेला रस्सा, पुन्हा गरम करायचा. पस्तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं वागत होती.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी पोरं बोटांनी रंगवत बसली होती, आणि बेसिनपाशी मिरेय टेकून उभी होती. तोंड पांढरंफटक. ओठ सुकून सालपटं निघालेली.

नोएलाने तीनशे आयांच्या कहाण्या ऐकल्या होत्या. तिला वेगळं विचारावं लागलं नाही. "कितवा?" ती हळूच म्हणाली.

"तिसरा संपतोय. अजून कोणाला सांगितलं नाहीये मावशी. सकाळपासून तीनदा उलटी झाली."

"अगं मग पाणी पी ना! अशा दिवसांत सुकून चालतं का? कधी प्यायलीस?"

"काल रात्री."

"वेडी आहेस का तू?"

मिरेयने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं. "तूच सांगितलंस. पहिल्या दिवशी. दोन वाजेपर्यंत पाणी नाही. तीन वर्षं पाळतेय."

"ते... अगं, ते आधीचं. आता दिवस वेगळे आहेत तुझे."

"आणि तुझे? तू बाटली या बेसिनमध्ये ओततेस ते मला दिसत नाही का? मी म्हटलं, मूत्रपिंड जायची वेळ आली तरी मावशी पाळतेय, मग मी कोण लागून गेले?"

नोएलाचे हात ब्रश धुण्याच्या निळ्या पाण्यात तसेच राहिले. किती मुलींना सांगितलं होतं तिने? वीस? पंचवीस? एक होती, तिच्या पर्समध्ये जळजळीच्या गोळ्या कायम असायच्या, त्यावरून सगळ्या तिची थट्टा करायच्या, नोएलाही. एक दोन महिन्यांत सोडून गेली, तेव्हा नोएला म्हणाली होती, नाजूक आहे, हे काम तिच्याने व्हायचं नाही. आपण त्यांना शहाणपण देतोय असंच वाटत होतं तिला. आता ही पोरगी समोर उभी होती, पोटात तीन महिन्यांचा जीव घेऊन, सुकलेल्या ओठांनी, आणि तिला हे कोणी शिकवलं होतं? नोएलाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. डॉक्टरसमोरही नाही.

तिने हात कसेबसे पुसले, एक पेला भरला आणि मिरेयच्या हातात दिला. "पी. सगळा."

"मग लागेल की."

"लागू दे. नाहीतरी आधीच लागलीये ना?"

मिरेयने मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

लिझेटला जाऊन सांगावं तर खोली सोडता येत नव्हती. खोली सोडायची परवानगी मागायलाही खोली सोडायची नाही, असा तो मजेशीर कारभार. नोएला भिंतीपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. हे बटण म्हणजे रक्त, फेफरं, नाहीतर बाप दारू पिऊन दारात उभा. एरवी त्याला कोणी बोट लावत नाही.

लिझेट एका पायात चप्पल नसताना धावत आली. "कोण पडलं? काय झालं?"

"कोणी पडलं नाही. मिरेयला जायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? संडासला!"

लिझेटने छातीवर हात ठेवला. "नोएला! माझा जीव गेला असता. अगं बटण त्याच्यासाठी असतं का?"

"आजपासून असतं."

"हंगाम चालू आहे. तान्ह्यांकडे एक बाई कमी आहे, फोन थांबत नाहीये. दर दोन तासांनी मी माणूस कुठून आणू, सांग बघू?"

"ते तू बघ. संचालिका तू आहेस." नोएलाचा आवाज चढला तशी पोरं रंगातली बोटं वर धरून बघायला लागली. तिने तो खाली आणला. "माझं जायचं ते गेलं. पण हिच्या पोटात बाळ आहे आणि ही तहानलेल्या घोड्यासारखी..."

"मावशी!" मिरेय किंचाळली.

झालं. तीन महिने जपलेलं गुपित नोएलाच्या तोंडून, दहा साक्षीदारांसमोर, बाहेर पडलं. निम्म्या गावाच्या गोष्टी पोटात ठेवणारी बाई, आणि हीच गोष्ट नेमकी तिच्याकडून सुटली. नोएलाने रंगाचा हात तोंडावर नेला आणि ओठ निळे करून घेतले. लिझेटने एकदा मिरेयकडे बघितलं, एकदा नोएलाच्या निळ्या तोंडाकडे, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता ती पोरांच्या वीतभर खुर्चीत बसली. "जा गं बाई," ती मिरेयला म्हणाली. "सावकाश ये. आणि अभिनंदन."

मिरेय गेली. लिझेटच्या मांडीवर लुडोविक येऊन बसला आणि तिच्या गुडघ्यावर पिवळा पंजा उमटवला. तिने तो पुसला नाही. जरा वेळाने ती म्हणाली, "तुला सांगू? मीही तुझ्याच हाताखाली होते, आठवतं ना? एकोणीस वर्षं झाली. आम्हा सगळ्यांना वाटायचं, नोएलाला लागतच नाही. मी रडायचे घरी जाऊन. वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

"लागायची गं," नोएला म्हणाली. "रोज लागायची."

एवढं बोलायला तिला सत्तावीस वर्षं लागली. बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं आणि खूप थकवाही आला.

मिरेय परत आली, तोंडावर पाणी मारून, जरा माणसात आल्यासारखी. नोएलाला वाटलं आता लिझेट उठेल. लिझेट उठली नाही. "आता तू."

"मला नाही लागली."

हे म्हणताना नोएलाचा एक पाय दुसऱ्यावर घट्ट दाबलेला होता. मिरेय आणि लिझेट दोघी तिच्या पायांकडे बघत राहिल्या.

"तांतीनला सूसू लागली," माएलने जाहीर केलं. या बाबतीत माएलची नजर पक्की होती.

नोएला गेली. कॉरिडॉरमध्ये दोन आया उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, कुठे निघालीस? तिने कुठे ते सांगितलं, मोठ्याने, आणि कान लाल करून पुढे चालायला लागली. त्या म्हणाल्या, बरं. आणखी काही झालं नाही.

तिथे बसली तरी सवय सुटेना. अर्ध्या मिनिटात आवरून तिचा हात कडीवर गेला. तेवढ्यात भिंतीपलीकडून माएलचं रडणं ऐकू आलं. ते रडणं ती हजारांत ओळखू शकली असती. रंगाचा पेला सांडलेला असणार, आणि माएलला ओली बाही अजिबात सहन होत नाही. बाही वर करून मनगटावर फुंकर घातली की थांबते, हे लिझेटला कुठून माहीत असणार? नोएलाने कडी अर्धी काढली. मग डॉक्टरणीने सांगितलेलं आठवलं: पूर्ण रिकामं होऊ द्यायचं, घाई नाही. तिने कडी पुन्हा लावली आणि परत बसली. मांडीवर हात घेऊन, कान लावून. माएल रडत होती. तांतीन, तांतीन म्हणत होती. नोएलाच्या आयुष्यात हाक ऐकून न उठण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो तिला फार जड गेला. डोळे भरून आले तरी ती उठली नाही.

मग लिझेटचा आवाज आला, बिनसुराचा, काहीतरी गुणगुणणारा. मग मिरेयचा. माएलचं रडणं हुंदक्यांवर आलं, आणि थांबलं.

तिच्याशिवाय थांबलं. नोएलाला जरा वाईट वाटलं, ते कशाला लपवा. आणि मग, वाईट वाटता वाटताच, तिच्या लक्षात आलं की मान, खांदे, पोट, सगळं सैल पडलंय. इतकं सैल ते सकाळच्या वेळी कधी नसे. ती आणखी थोडी बसली. कोणाला ओरडायचं नव्हतं, कोणाला उचलायचं नव्हतं. नळ ठिबकत होता, तेवढाच काय तो आवाज.

उठून तिने हात धुतले, ओठांवरचा निळा रंग घासून काढला. कोपऱ्यात कागदी पेल्यांची चळत होती. एक घेतला, भरला आणि उभ्याउभ्या सगळा प्यायली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे बारा वाजून दहाला पुन्हा सांगावं लागणार. दुसरा पेला भरता भरता ती स्वतःशीच म्हणाली, सांगेन.